मिन्चेच्या घराची तुडवणी

शनिवार, ७ जून १९८६

आज दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी माझ्या बहिणीच्या नव्या घरातून गावची चाळीसएक माणसं भरली पानं टाकून उठून गेली. वेळ मुद्दाम लिहून ठेवते आहे, कारण उद्या हेच लोक म्हणतील की असं काही झालंच नाही. मी जन्मभर मुलींना भूगोल शिकवला आणि तारीख-वेळ नसलेल्या निरीक्षणाला कधी गुण दिले नाहीत.

पण दिवस सुरू झाला होता फार छान. तेही लिहायला हवं, नाहीतर नव्या वहीच्या पहिल्याच पानावर नुसती कुरकुर दिसायची.

सकाळी मनाडो शहरातून ट्रक निघाला. मिन्चे पुढच्या बाकावर उशांमध्ये खोचलेली, तिच्या शेजारी मी, आणि मागे पलंग, शिलाई मशीन आणि चादरीत गुंडाळलेली मरियाआईची मूर्ती. घर आमच्या आधीच पोचलं होतं. सुटे खांब आणि फळ्या गेल्या आठवड्यात उतरल्या होत्या आणि रानोवेरे गावच्या लोकांनी मापालुस करून, आळीपाळीने हात लावून, ते उभं केलं होतं. काम चोख. एक खिळा वाकडा नाही. उंच खांबांवरचं घर, पुढे जिना, जिन्याला कोरलेला कठडा, आणि आत नव्या लाकडाचा असा वास की मिन्चेला पलंगावर टेकवल्यावर तिने डोळे मिटून तो ओढून घेतला आणि म्हणाली, "अजून."

हे लिहून ठेवते: गेल्या वर्षीच्या झटक्याने तिचे पाय गेले आणि त्या एका शब्दाखेरीज सगळी भाषा गेली. पेज भरवली की अजून, केस विंचरले की अजून, जपमाळ संपली की अजून. मठातल्या सिस्टर म्हणायच्या, देवाने निदान शब्द तरी चांगला ठेवला. मला त्याचं नवल नाही. लहानपणीही ती जेवताना आईपुढे ताट धरून हेच म्हणायची, आणि तिला मिळायचं.

जमीन आईकडची. एका गोल खळग्याच्या तळाशी, भोवती लवंगेची झाडं, वर कालेल पहाड, आणि पहाडाच्या डोक्यावर नेहमीची वाफेची पांढरी बट. असला खळगा पाणी खोदत नाही. हे पहाडाचं जुनं, बुजलेलं तोंड आहे. माझ्या पाचवीतल्या शेवटच्या बाकावरच्या मुलीनेसुद्धा ते सांगितलं असतं. घर वर कडेला बांध, असं मी मिन्चेला तिने हे घर सांगितलं तेव्हाच बजावलं होतं. पण तिला तळाची ऊब आवडायची. अनवाणी उभी राहायची आणि म्हणायची, पावलं कशी शेकतात बघ. जमीन तिच्या वाट्याची, घर तिच्या नावावर. मग तिला झटका आला आणि भांडायला माणूसच उरलं नाही.

दुपारी तुडवणी. नवं घर गोल फेर धरून तुडवल्याशिवाय आपल्याकडे कोणी त्यात जेवत नाही. मला आधी निरोप आला होता की शेवटचं पाऊल घरच्या माणसाने टाकायचं आणि 'पुरे' म्हणायचं. मी कळवलं की मठात शिकलेली बाई या वयात फळ्यांवर उड्या मारणार नाही, पाद्रीबाबा महिनाअखेर किनाऱ्यावरून आले की घराला आशीर्वाद देतील. गावचा हुकुम तुआ, म्हणजे मुखिया, एवेर्ट लोंतो हा तसा हसतमुख गडी. शाळेतल्या बाईंना इथे एन्ची म्हणतात. तो म्हणाला, "एन्ची, घर कुठे तुमचं आहे? तुम्ही आपल्या खुर्चीत बसा. मालकीणबाई म्हणतील."

गाणं ओमा तिन या आजीने धरलं. ऐंशीच्या पुढची, माझ्या आईची शेजारीण, आवाज अजून पितळेसारखा. खांब धरतील का, फळी धरेल का, असं ती विचारायची आणि सगळे खांद्याला खांदा लावून पाय आपटायचे. मग मिन्चेकडे वळून विचारलं, पुरे?

"अजून," मिन्चे म्हणाली.

हशा झाला. एवेर्ट म्हणाला की बाईसाहेब डुकराचं मटण द्यायच्या आधी त्याची किंमत वसूल करणार. पुन्हा फेर, पुन्हा प्रश्न. "अजून." तिसऱ्यांदा विचारताना ओमा तिन हसत नव्हती. तिसऱ्यांदाही तेच उत्तर आलं. ओमाने हात वर केला, पण फेर रंगात होता. सगळ्यांनी तुडवलं आणि थांबले.

आणि थांबल्यावर एक ठोका जास्तीचा आला. खालून.

मी म्हटलं, धक्का आहे, कालेलच्या पायथ्याशी राहायचं तर इतकं चालायचंच. पानं वाढलेली होती, मी आग्रहाने सगळ्यांना जेवायला बसवलं. दुसरा ठोका आला. मांडणीवरची भांडी किणकिणली. मग ते सगळे एकेक करून जिना उतरले. निरोप नाही, आशीर्वाद नाही. एवेर्ट तर तोंडात घास घेऊन गेला. बांबूतला भात, रिका मिरची घातलेलं मटण, पपईच्या फुलांची भाजी, सगळं माश्यांना.

पाहुण्यांचं हे वागणं मी विसरणार नाही.

रविवार, ८ जून

प्रार्थनेनंतर हुकुम तुआच्या ओट्यावर जाऊन जाब विचारला. त्याने कॉफी दिली, खुर्ची दिली. अपमान करायचा नव्हता म्हणे. मालकिणीने पुरे म्हटलं नाही, म्हणजे तुडवणी चालू आहे, आणि तुडवणी चालू असलेल्या घरात फेरातल्या माणसाने पुन्हा पाय ठेवायचा नसतो. आणि फेरात तर सगळं गाव होतं. मी विचारलं की मग हे संपवायचं कसं. तो म्हणाला, मिन्चेबाईंना म्हणायला लावा. मी म्हटलं, तिच्याकडे दुसरा शब्द नाही. त्याने मान खाजवली. "मग मी तरी काय करू, एन्ची? रीत काय मी काढली?"

मी म्हटलं, पुरे मी म्हणते, सख्खी थोरली बहीण आहे. तर तो म्हणाला की घर ज्याच्या नावावर, पाऊल त्याचं. माझ्या पंक्तीत जेवायला बसताना हे आठवलं नव्हतं का, असं विचारून मी कॉफी तशीच ठेवून उठले. फिट्टंफाट.

दुपारी पुन्हा ठोके. तीन वाजून दहा मिनिटं. उभा धक्का, लहान, खोली फार नसावी.

बुधवार, ११ जून

आनंदाची गोष्ट आधी. मिन्चेच्या उजव्या पायाचा अंगठा हलला.

मी तिचे पाय पुसत होते. दुपारचे ठोके सुरू झाले आणि अंगठा त्यांच्याबरोबर हलला, खाली, वर, खाली. डॉक्टरांनी आशा सोडली होती. मी मरियाआईपुढे मेणबत्ती लावली आणि चक्क रडले. मिन्चे माझ्याकडे बघून हसत होती.

जमीन तापली आहे. जिन्याखाली चप्पल काढून उभं राहवत नाही. लवंगेच्या खालच्या फांद्या पिवळ्या पडल्या आहेत. मागच्या ओहोळाचं पाणी कोमट आहे आणि त्याला अंड्यासारखा वास येतो. कालेलची वाफ मात्र थांबली आहे. शहरातल्या माणसाला यात बरं वाटेल. मला नाही वाटत. चुलीवरच्या भांड्याची वाफ थांबली तर बाई आधी झाकण बघते.

ओमा तिन रोज कुंपणावर पेज ठेवून जाते, भोपळा आणि पालेभाजी घातलेली. आत येत नाही. मिन्चेला ती पेज आवडते.

ठोक्यांविषयी एक गोष्ट. भूकंपाला ठेका नसतो.

शुक्रवार, १३ जून

घराखाली माझ्या तीनही कोंबड्या मेलेल्या. जखम नाही, पीस विस्कटलेलं नाही, झोपल्यासारख्या. शेजारी एक मांजर, कोंबडी धरायला आलेलं, तेही तसंच.

मी मेणबत्ती पेटवून जिना उतरले. खालच्या पायरीपाशी नेली आणि ज्योत विझली. वारा नव्हता. पुन्हा पेटवली, पुन्हा तिथेच विझली. हे मात्र मला पूर्ण कळतं. जमिनीतून जड वायू येतो आहे. त्याला रंग नाही, वास नाही. पाण्यासारखा तो खळग्यात साठतो आणि पातळी हळूहळू चढते. उभा माणूस त्यातून चालत जातो, आडवा माणूस मरतो. मिन्चे आडवी आहे.

ताबडतोब कुंपणाशी गेले आणि हाका मारून माणसं गोळा केली. हुकुम तुआसमोर सगळं समजावलं, मेणबत्ती विझवून दाखवली. मला फक्त चार गडी हवे होते. मिन्चेला खुर्चीत बसवून जिना उतरवायचा आणि खळग्याच्या कडेपर्यंत न्यायचं, दहा मिनिटांचं काम. ते सगळे माझं ऐकत होते, विश्वासही ठेवत होते. एकाच्याही चेहऱ्यावर मी खोटं बोलते आहे असं नव्हतं. आणि एकही कुंपणाच्या आत आला नाही. माणसं मेली तरी चालतील पण तुमचा फेर मोडायला नको, असं मी म्हटलं. एवेर्टने खाली बघितलं. बाकीचे पांगले.

ओमा तिन मागे राहिली. तिने मला जवळ बोलावलं, कुंपणातून हात घालून माझं मनगट धरलं.

"पोरी, तुझ्या आईच्या लहानपणी इथे सात घरं होती. ती पडली नाहीत, जळली नाहीत. ती खालीच आहेत. आम्ही वरून विचारलं, मिन्चेने तिसऱ्यांदा अजून म्हटलं, तेव्हा त्यांना वाटलं, आपल्यालाच बोलावतात."

मी म्हटलं, जमीन खचली असणार, अशा जागी खचते. ती म्हणाली, हो ना, तेच सांगते आहे.

रविवार, १५ जून

काल पहाडावर पाऊस झाला असणार. इथे थेंब नाही, पण रात्रीत वरून काळा चिखल आला आणि ओढ्यावरचा पूल घेऊन गेला. मोठमोठ्या शिळा वाहून आल्या आहेत. घोडागाडी येणार नाही, पाद्रीबाबाही येणार नाहीत. आता आहेत ते हेच लोक.

मिन्चेच्या दोन्ही टाचा हलतात. ठोका पडला की पलंगाच्या पट्टीवर टाच पडते. बरी होते आहे असं म्हणून आनंद मानावा असं अजूनही वाटतं. मानवत नाही.

तिचे पाय धुताना पाणी काळं झालं. तळव्यांना काजळी आणि पिवळी गंधकाची भुकटी. मी ते पाय रोज धुते. हे पाय गेल्या वर्षापासून जमिनीला लागलेले नाहीत.

सोमवार, १६ जून

वायूने डोकं दुखतं, गरगरतं, भास होतात. ते मला माहीत आहे. म्हणून भास आणि निरीक्षण वेगळं ठेवते. खालचं निरीक्षण आहे. सकाळी घेतलं, स्वच्छ उजेडात, तोंडाला ओला रुमाल बांधून, उभ्याने, श्वास धरून.

मी घराखाली जाऊन वर बघितलं. फळ्यांच्या खालच्या अंगाला पावलांचे ठसे आहेत. काजळीचे. माझा हात पोचत नाही इतक्या उंचीवर, उलटे, टाचा खोल रुतलेल्या. गोल फेरातले. मोठ्या माणसांचे, पोरांचे, काही तर नुकतं चालायला लागलेल्यांचे. सगळे एकमेकांना खेटून.

फेरात एकच जागा मोकळी आहे. दोन पावलांची. ती मिन्चेच्या पलंगाच्या बरोबर खाली आहे.

मी हे भूगोलात बसवून बघितलं. बसत नाही.

दुपारच्या आत तिला बाहेर काढायचं ठरवलं. गादीसकट पलंगावरून खाली घेतली, गादीचं टोक कमरेला बांधलं आणि ओढत दारापर्यंत आणली. माझा उजवा खांदा जुना दुखणाईत आहे, तो तिथेच गेला. तरी उंबऱ्यापर्यंत आणली. बाहेर ऊन दिसत होतं. कुंपणापलीकडे एवेर्ट उभा होता, टोपी हातात धरून, त्याची बायको रडत होती. आणखी एक हिसका दिला असता तर मिन्चेचं डोकं जिन्यावर आलं असतं.

तिने चौकट धरली. ज्या हातात चमचा राहत नाही त्या हाताने. मी बोटं सोडवायला गेले, सुटली नाहीत. मी रागावले, विनवलं, लहानपणच्या नावाने हाक मारली.

"अजून," ती म्हणाली. बाहेरच्या उन्हाकडे बघून नाही. फळ्यांकडे बघून.

मग ठोके सुरू झाले.

मंगळवार, १७ जून

खांदा उचलत नाही. डाव्या हाताने लिहिते आहे, अक्षर वाईट आहे, माफ असावं.

मेणबत्ती जिन्याच्या मधल्या पायरीवर विझते.

मिन्चेचा पलंग तिच्या शिलाई मशीनच्या मेजावर चढवायचा विचार केला. एका हाताने होत नाही. दोन उशा जास्तीच्या घालून तिला बसती केली. बसली की ती स्वतःच सरळ होते. आधार लागत नाही.

कुंपणाकडे बघून ओरडले की निदान दोर टाका. टाकला. तो मिन्चेला बांधला तर तिने दातांनी सोडवला. दातांनी, माझ्या बहिणीने.

मी एकटी आजही चालत जाऊ शकते. ओमा तिनने तसं सुचवलं. मी तिला काय बोलले ते इथे लिहीत नाही.

बुधवार, १८ जून

मार्ग सापडला. इतका सोपा की आधी सुचला नाही याची लाज वाटते.

घर ज्याच्या नावावर, पाऊल त्याचं. ठीक. मग घर माझ्या नावावर करा.

सकाळी कागद लिहिला. मिन्चे हे घर आणि ही जागा थोरल्या बहिणीला देते आहे, खुशीने. तिच्या अंगठ्याला चुलीची काजळी लावून ठसा उमटवला. ती नाही म्हणाली नाही. 'अजून'ही म्हणाली नाही. फक्त माझ्या पायांकडे बघत राहिली. माझी सही केली. आता फक्त हुकुम तुआची सही आणि शिक्का हवा, आणि त्याच्याकडून एक ओळ लेखी, की घर आजपासून पाउलिन रुमोकोय हिचं. तेवढं आलं की मी स्वतः, या वयात, मरियाआईसमोर, फळीवर पाय आपटेन आणि पुरे म्हणेन. मठातल्या सिस्टर काय म्हणतील ते मी वर गेल्यावर ऐकून घेईन.

कागद टोपलीत घालून दोराने खाली सोडला. ओमा तिनने लांब बांबूने ओढून घेतला.

संध्याकाळी एवेर्ट कुंपणाशी आला आणि म्हणाला, बघतो. शिक्का तालुक्याला राहिलाय, पूल नाही, माणूस पाठवतो.

मी म्हटलं, बघतो हे उत्तर नाही.

गुरुवार, १९ जून

उत्तर नाही.

ओहोळाचं पाणी उकळतं आहे. झाडांवरची पाखरं गेली. ज्योत वरून तिसऱ्या पायरीवर विझते. घराचे खांब गरम लागतात. खळग्याच्या कडेला माणसं जमली आहेत, सगळं गाव, आपापली गाठोडी घेऊन. ते वर सरकतील. सरकू देत.

एवेर्टला विचारलं, शिक्का आला का. तो ओरडून म्हणाला की माणूस ओढा ओलांडतो आहे. मी विचारलं, शिक्क्याशिवाय सही चालेल का. त्याने ओमा तिनकडे बघितलं. ती म्हणाली, चालेल, पण लेखी हवं. खालच्यांना तोंडी पुरत नाही. मालकीण कोण ते तोंडी एकदा सांगून झालंय.

मग लिही ना, मेल्या. पेन्सिल आहे का गावात?

तो लिहायला बसला होता. मी पाहिलं. कागद मांडीवर घेऊन बसला होता. मग ठोके सुरू झाले आणि सगळे पळाले.

मिन्चे पलंगावरून पाय खाली सोडून बसली आहे.

शुक्रवार, २० जून

डोकं—

झोपेत पडले होते, जागी झाले तेव्हा गाल फळीला होता. फळी गरम. कोणीतरी मला उठवून पलंगावर ठेवलं. खोलीत मिन्चेशिवाय कोणी नाही.

ज्योत सगळ्यात वरच्या पायरीवर विझते. मेणबत्त्या दोनच.

आज ठोके थांबलेच नाहीत. हलके. वाट बघणाऱ्या माणसाने पाय हलवावा तसे.

ऊब आता आतपर्यंत— मिन्चेच्या कपाळाला घाम नाही. तिला बरं वाटतं आहे. सगळ्या वर्षात तिला इतकं बरं वाटलेलं मी पाहिलं नाही. हे लिहायला नको होतं पण खरं आहे.

एवेर्ट. एक ओळ. एक ओळ लिही बाबा.

शनिवार, २१ जून

हुकुम तुआ एवेर्ट लोंतो यांस—

आधी इथे लिहिते, मग उतरवून दगडाला बांधून खिडकीतून टाकते. कागद कमी आहे. मेणबत्ती दारात विझली.

सात तारखेला दुपारी तीन वाजून दहा मिनिटांनी तुम्ही आणि तुमचं गाव या घरातून उठून गेलात. त्याचं मी तुम्हाला माफ केलं आहे. मटणाचं, भाताचं, सगळ्याचं. बुधवारी पाठवलेला कागद तुमच्याकडे आहे. त्यावर माझ्या बहिणीचा अंगठा आहे, माझी सही आहे. तुमचं काम फक्त—

तीनला पाच कमी. मिन्चे उभी राहिली. पलंगाला हात नाही, भिंतीला नाही. तिचा पलंग तिनेच बाजूला सरकवला. जिथे तो होता तिथे दोन पावलं जुळवून उभी आहे.

फळ्या खालून वर येतात आणि बसतात. श्वासासारख्या.

मी तिचे पाय धरले. म्हटलं, मिन्चे, राणी, माझं ऐक, एकदाच म्हण. पुरे. दोन अक्षरं. माझ्या मागून म्हण. पु—

तिने माझ्या डोक्यावर हात ठेवला. आईपुढे ताट धरायची तसं हसली.

"अजून."

तर हुकुम तुआ, मला हे लेखी हवं आहे. तोंडी चालणार नाही, उद्या चालणार नाही, माणूस पाठवला आहे हे चालणार नाही. आज शनिवार, दुपारी तीन वाजून दहा मिनिटांच्या आत, तुमच्या हातची एक ओळ, की हे घर माझ्या नावावर आहे, आणि फेर संपवायचा अधिकार माझा, पाउलिन रुमोकोय, हिचा आहे. घड्याळ माझ्यासमोर आहे. तीन वाजून सात मिनिटं झाली आहेत. आठ. उत्तर खिडकीतून टाका, दाराशी येऊ नका, दाराशी तेच— मला लेखी उत्तर, तीन वाजून दहाच्या आत, नाहीतर मी—

तिने पाय उचल